व्हिक्टोरियन घरांच्या छपरांचा जीर्णोद्धार

व्हिक्टोरियन घरांच्या छपरांचा जीर्णोद्धार म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीत (१८३७–१९०१) ब्रिटनमध्ये बांधल्या गेलेल्या घरांची छपरे, त्यांचे मूळ साहित्य व मूळ रचना शक्य तितकी राखून, पुन्हा पाऊस अडवण्यास समर्थ करण्याचे काम होय. या घरांची छपरे मुख्यतः पाटीच्या दगडाची (स्लेटची) आणि काही भागांत भाजलेल्या मातीच्या कौलांची असत. वाऱ्यापावसाला तोंड देणारा घराचा हा पहिला भाग असल्याने त्याची हेळसांड झाल्यास खालचे लाकूडकाम, नक्षीदार छत, भिंती व आतील सामान या सर्वांची हानी होते.

अशी छपरे नादुरुस्त होतात तेव्हा दोष बहुधा दगडाचा नसतो. दगडाला धरून ठेवणारे लोखंडी खिळे, सांधे झाकणारे शिसे आणि तुंबलेल्या पन्हळी हीच गळतीची नेहमीची कारणे होत. विसाव्या शतकात झालेल्या चुकीच्या दुरुस्त्यांनीही मोठे नुकसान केले आहे. त्यामुळे काय बदलायचे यापेक्षा काय बदलायचे नाही, हा प्रश्न या कामात अधिक महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी

अठराव्या शतकापर्यंत ब्रिटनमधील सामान्य घर त्या त्या परिसरात मिळणाऱ्या साहित्याने शाकारले जाई. कुठे गवत व पेंढा, कुठे चुनखडकाच्या जाड फरशा, तर कुठे मातीची कौले असत. एकोणिसाव्या शतकात हे चित्र पालटले. किनाऱ्याने जहाजातून नेल्या जाणाऱ्या स्लेटवरील कर १८३१ मध्ये रद्द झाला. १८३६ मध्ये वेल्समध्ये फेस्टिनिऑग रेल्वे सुरू झाली. तिच्या उताराच्या मार्गावरून दगडाने भरलेले डबे केवळ स्वतःच्या भाराने पोर्थमॅडॉग बंदरापर्यंत उतरत. पुढे लोहमार्गांचे जाळे पसरले आणि उत्तर वेल्समधील बेथेस्डा येथील पेनरिन, लानबेरिस येथील डिनॉरविक आणि ब्लायनाय फेस्टिनिऑग येथील खाणींतला दगड लंडन, मँचेस्टर, बर्मिंगहॅम अशा वाढत्या शहरांतील नव्या घरांवर चढला. शतकाच्या अखेरीस वेल्समधील या उद्योगात सुमारे १७,००० माणसे काम करीत होती. पेनरिन खाणीत १९०० ते १९०३ या काळात झालेला दीर्घ संप ब्रिटिश कामगार चळवळीच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. डिनॉरविकची खाण १९६९ मध्ये बंद पडली. पेनरिनमधून आजही दगड काढला जातो. वायव्य वेल्सच्या या खाणप्रदेशाचा २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

हा दगड म्हणजे आपल्याकडील शाळेच्या दगडी पाटीचाच दगड. चिखलाचे थर प्रचंड दाबाखाली रूपांतरित होऊन तो बनतो आणि त्यातील खनिजकण एकाच दिशेला मांडले गेल्यामुळे छिन्नीच्या हलक्या घावाने त्याच्या पातळ, सपाट पाट्या सुटतात. आंध्र प्रदेशातील मार्कापूर परिसर अशाच दगडासाठी ओळखला जातो. दगडी पाटीवर बाराखडी गिरवलेल्या पिढीला या दगडाचा थंड, गुळगुळीत स्पर्श वेगळा सांगायला नको. या लेखात छपरावरील स्लेटच्या प्रत्येक तुकड्यास 'पाटी' असेच म्हटले आहे.

वेल्समध्ये पाट्यांच्या मापांना सरदार घराण्यांतील स्त्रियांच्या पदव्या दिलेल्या होत्या. २४ इंच लांब व १२ इंच रुंद पाटी म्हणजे 'डचेस', २० बाय १० इंचांची 'काउंटेस' आणि १६ बाय ८ इंचांची 'लेडी'. जुन्या छपरांच्या नोंदींत ही नावे सर्रास आढळतात आणि बाजारात ती अद्याप चालतात.

स्लेट हे एकमेव साहित्य नव्हते. इंग्लंडच्या मध्य भागात श्रॉपशरमधील ब्रोझली आणि स्टॅफर्डशर येथील लहान, सपाट मातीची कौले वापरात होती. गॉथिक शैलीच्या घरांवर निरनिराळ्या रंगांच्या कौलांचे पट्टे किंवा माशाच्या खवल्यांसारखी टोके असलेल्या पाट्यांच्या ओळी बसवून नक्षी साधली जाई. आढ्यावर भाजलेल्या मातीची कंगोरेदार कौले, टोकाला शिखर, कडेने लाकडी झालर असा थाट असे. अमेरिकेत याच काळातील घरांना व्हरमाँट राज्यातील हिरवी, जांभळी व करडी स्लेट तसेच लाकडी फळ्यांची व पत्र्याची छपरेही आढळतात.

छपराची रचना

स्लेटचे छप्पर वरवर पाहता एकेरी दिसते, प्रत्यक्षात ते दुहेरी असते. प्रत्येक पाटीचा बराचसा भाग वरच्या ओळींखाली दडलेला असतो. दोन शेजारच्या पाट्यांमधली फट खालच्या ओळीतील पाटीच्या मध्यावर यावी, अशी विटांच्या भिंतीसारखी सांधेबदल मांडणी असते. फटीतून पाणी शिरलेच तर ते खालच्या पाटीवर पडून पुढे वाहून जाते.

यामागील गणित सोपे आहे. एका ओळीचे खालचे टोक तिच्याखालच्या दुसऱ्या ओळीच्या माथ्यावर जितके चढते, त्याला आच्छादन म्हणू. पाटीच्या लांबीतून हे आच्छादन वजा करून उरलेल्याचे निम्मे केले की दोन ओळींमधले अंतर मिळते. २० इंचांच्या 'काउंटेस' पाटीला ३ इंच आच्छादन ठेवल्यास उरतात १७ इंच. त्याचे निम्मे साडेआठ इंच. म्हणजे २० इंचांपैकी साडेआठ इंचच उघड्यावर राहतात आणि साडेअकरा इंच कायमचे झाकलेले असतात. पाट्या वाचवण्यासाठी एखाद्या ठेकेदाराने हे आच्छादन कमी केले, तर छप्पर दिसायला अगदी तसेच राहते. पण वाऱ्याबरोबर तिरपा येणारा पाऊस आत शिरू लागतो.

पाट्या आडव्या लाकडी रिपांवर प्रत्येकी दोन खिळ्यांनी ठोकलेल्या असतात. रिपा वाशांवर आणि वासे कैचीवर व भिंतीवर टेकतात. हे लाकूड बहुतेक वेळा बाल्टिक समुद्राकाठून आयात केलेले पाइन असे. पाट्यांखाली आजच्यासारखा डांबरी किंवा प्लास्टिकचा थर नसे. फार तर आतल्या बाजूने जनावरांचे केस मिसळलेला चुना पाट्यांच्या सांध्यांत भरलेला असे. फटींमधून वारा खेळत राही आणि थोडेफार ओलावलेले लाकूड पुन्हा सुके. असे छप्पर थोडे ओले होते आणि लगेच वाळतेही, हे ध्यानात न घेतल्यामुळेच पुढच्या काळातील अनेक दुरुस्त्या फसल्या.

दोन पाखी आतल्या बाजूने जिथे मिळतात, छप्पर धुराड्याला किंवा भिंतीला जिथे टेकते, तेथे शिशाचे पत्रे वापरलेले असतात. लंडनमधील ओळीच्या घरांना पुष्कळदा पुढून उंच कठडा आणि त्यामागे इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे मध्ये खोलगट छप्पर असते. दोन्ही पाख्यांचे पाणी मधल्या शिशाच्या पन्हळीत येते. रस्त्यावरून छप्पर दिसूच नये, ही त्या काळाची आवड होती. मात्र पन्हळ तुंबली तर तेही रस्त्यावरून दिसत नाही.

ऱ्हासाची कारणे

उत्तम वेल्श स्लेट शंभर वर्षांहून कितीतरी अधिक काळ टिकते. तिला धरणारे लोखंडी खिळे मात्र त्याआधीच गंजतात. खिळ्यांचे माथे झिजून पाट्या एकामागून एक घसरू लागतात. या अवस्थेला इंग्रज कारागीर 'खिळ्यांचा आजार' म्हणतात आणि तो जडला की सुटी पाटी बसवून भागत नाही, कारण सगळे खिळे एकाच वयाचे असतात. बांधताना खिळ्यांत वाचवलेल्या थोड्या पैशांपायी शंभर वर्षांनी अख्खे छप्पर उतरवावे लागते.

मधलीच एखादी पाटी निसटल्यास ती पुन्हा खिळ्याने ठोकता येत नाही, कारण खिळ्याची जागा वरच्या पाट्यांखाली झाकलेली असते. अशा वेळी लांब, चपट्या हत्याराने जुने खिळे तोडून काढतात, रिपेला शिशाची किंवा तांब्याची पट्टी ठोकतात, नवी पाटी आत सरकवतात आणि पट्टीचे खालचे टोक पाटीच्या कडेवर दुमडतात. रस्त्यावरून छपराकडे पाहताना पाट्यांच्या खालच्या कडेला अशा चकाकत्या पट्ट्या जागोजागी दिसल्या, तर त्या छपराचे खिळे थकले आहेत असे समजावे. विद्यार्थ्यांना दुर्बिणीशिवायही करता येण्याजोगे हे निदान आहे.

शिशाचा दोष वेगळा. उष्णतेने शिसे पुष्कळ प्रसरण पावते. दीड मीटर लांबीचा पत्रा तापमानात ५० अंश सेल्सिअसचा फरक पडल्यास सुमारे दोन मिलिमीटरांनी लांबतो. हे ऐकायला किरकोळ वाटते. पण लांबलचक पत्रा सगळीकडून खिळून टाकला, तर रोजच्या या ताणाने त्याला सुरकुत्या पडतात आणि सुरकुतीच्या रेषेत तो चिरतो. म्हणून पत्र्यांचे तुकडे आखूड ठेवावे लागतात व त्यांना हलण्यास वाव द्यावा लागतो. शिशाच्या खालच्या बाजूस आतील दमट हवेचे पाणी साचल्यासही ते पोखरले जाते. याखेरीज शिशाची चोरी ही ब्रिटनमधील जुन्या इमारतींपुढची, विशेषतः चर्चपुढची, मोठी डोकेदुखी आहे.

पन्हळीत पाने, शेवाळ व कबुतरांची घरटी साचली की पाणी भिंतीच्या माथ्यात मुरते. वाशांची टोके नेमकी तेथेच टेकलेली असतात. लाकडातील ओलावा सुमारे २० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिला की बुरशी व किडे यांना आमंत्रण मिळते. बाहेरून छप्पर सुस्थितीत दिसत असताना आत वाशांचा भुगा झालेला असणे, हा प्रकार याच मार्गाने घडतो.

चुकीच्या दुरुस्त्या

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात हजारो घरांवरील स्लेट उतरवून काँक्रीटची कौले चढवली गेली. ती स्वस्त होती. स्लेटचे वजन दर चौरस मीटरला साधारण २५ ते ३५ किलो असते, तर काँक्रीटच्या कौलांचे बहुधा ४५ ते ५५ किलो. मूळ वासे हलक्या भारासाठी बेतलेले असल्याने ते वाकले. अनेक रस्त्यांवर आज एकाच ओळीतील काही घरांची आढी सरळ आणि काहींची खोगीरासारखी दबलेली दिसतात, त्याचे हे एक कारण आहे.

दुसरा उपाय म्हणजे संपूर्ण छपरावर कापड अंथरून डांबर फासणे. गळती काही वर्षे थांबते खरी, पण खाली वारा खेळणे बंद होते, लाकूड कुजते आणि पाट्या डांबरात माखल्याने पुन्हा वापरण्याजोग्या राहत नाहीत. आतून रासायनिक फेस फवारून पाट्या चिकटवण्याच्या पद्धतीचा परिणामही तसाच होतो. या दोन्ही प्रकारांना दुरुस्ती म्हणणे कठीण आहे. हे आजाऱ्याच्या नाकातोंडावर पट्टी बांधण्यासारखे होय.

सिमेंटचा वापर हा तिसरा दोष. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ मध्येच घेतले गेले असले, तरी बहुतांश व्हिक्टोरियन धुराडी चुन्यात बांधलेली आहेत. चुना मऊ असतो, हलतो, ओल बाहेर सोडतो. त्याच्या जागी कडक सिमेंट भरले की ओल विटेतून वाट काढते, थंडीत गोठते आणि विटेचा पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटतो. बदलता येणारा सांधा टिकतो आणि बदलता न येणारी वीट झडते, असा उलटा व्यवहार होतो.

जीर्णोद्धार की जतन

'जीर्णोद्धार' या शब्दाचा मराठीतील वापर मुख्यतः देवळांच्या संदर्भात झाला आहे आणि त्यात जुने काढून नवे, अधिक भव्य उभारणेही सामावते. ब्रिटनमध्ये नेमक्या याच अर्थावरून एकोणिसाव्या शतकात मोठा वाद झाला. फ्रेंच वास्तुशास्त्रज्ञ व्हिओले-ल-द्यूक याच्या मते जीर्णोद्धाराने इमारतीला अशी परिपूर्ण अवस्था प्राप्त करून देता येते, जी इतिहासात एखाद्या क्षणी प्रत्यक्षात अस्तित्वात नसेलही. जॉन रस्किन याने १८४९ च्या 'द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर' या ग्रंथात याच्या नेमकी उलट भूमिका घेतली. इमारतीची वेळच्या वेळी निगा राखली, छपरावर शिसे आणि पन्हळी नीट ठेवल्या, तर जीर्णोद्धाराची वेळच येणार नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. त्याच विचारातून विल्यम मॉरिस, फिलिप वेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७७ मध्ये 'सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ एन्शंट बिल्डिंग्ज' ही संस्था स्थापन केली. ती आजही कार्यरत आहे.

हे सारे विचारवंत स्वतः व्हिक्टोरियन काळातले होते आणि मध्ययुगीन चर्च वाचवण्यासाठी भांडत होते. त्यांच्या काळातली घरे पुढे स्वतःच वारसा ठरतील, असा प्रश्न तेव्हा नव्हता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्हिक्टोरियन वास्तुकला कुरूप व बोजड मानली जाई आणि ती सर्रास पाडली जाई. १९५८ मध्ये 'व्हिक्टोरियन सोसायटी' स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत कवी जॉन बेट्जमन आणि कला-इतिहासकार निकोलाउस पेव्हस्नर होते. तेव्हापासून या घरांकडे पाहण्याची दृष्टी हळूहळू बदलली.

आजची सर्वमान्य पद्धत रस्किन व मॉरिस यांच्या बाजूने झुकते. कमीत कमी हस्तक्षेप, मूळ साहित्याचा पुनर्वापर, नव्याची नोंद आणि अंदाजाने पुनर्निर्मिती न करणे, ही तत्त्वे १९६४ च्या व्हेनिस सनदेतही आढळतात.

कामाची पद्धत

पहिले काम पाहणीचे. घराचा पोटमाळा दिवसा अंधार करून पाहिल्यास तुटलेल्या पाट्यांच्या फटी उजेडाच्या ठिपक्यांसारख्या दिसतात. भर पावसात केलेली पाहणी कोरड्या दिवसाच्या पाहणीपेक्षा अधिक सांगून जाते. एकूण पाट्यांपैकी थोड्याच निसटल्या असतील आणि खिळे शाबूत असतील, तर स्थानिक दुरुस्ती पुरते. घसरण सर्वत्र असेल, तर मात्र संपूर्ण छप्पर उतरवून पुन्हा बसवणे हाच मार्ग उरतो.

उतरवण्यापूर्वी छायाचित्रे, ओळींची अंतरे, नक्षीचा आराखडा आणि प्रत्येक पाख्यावरील पाट्यांची मापे यांची नोंद होते. काही प्रदेशांतील छपरांना वळचणीला मोठ्या आणि आढ्याकडे क्रमाने लहान होत जाणाऱ्या पाट्या असतात. अशा छपराची नोंद न करता ते उतरवले, तर ओळींचा तो क्रम पुन्हा जुळत नाही.

उतरवलेली प्रत्येक पाटी कारागीर बोटाच्या पेराने किंवा हातोडीने वाजवून पाहतो. खणखणीत नाद आला तर ती चांगली. बद्द आवाज आला तर तिच्यात चीर आहे किंवा थर सुटले आहेत. आपल्याकडे बाजारात मातीचा घडा वाजवून घेतात, तीच ही परीक्षा. हातांनी हाताळताना व खिळे काढताना काही पाट्या फुटतातच. वाचलेल्या पाट्या बहुधा रस्त्याकडील पाख्यावर एकत्र बसवतात आणि मागील पाख्यावर नव्या वापरतात. हा तोडगा सोयीचा असला, तरी घराचा दर्शनी चेहरा तेवढा खरा आणि पाठ नवी, असा भेद त्यातून तयार होतो.

तुटीची भरपाई कशी करायची, याविषयी मतभेद आहेत. दुसऱ्या घरावरून काढलेल्या जुन्या पाट्या रंगाने जुळतात. परंतु त्या बाजारात येतात याचा अर्थ कुठेतरी एक जुने छप्पर मोडले गेले आहे. शिवाय जुन्या पाट्यांचे आयुष्य आधीच काही प्रमाणात संपलेले असते. नवी पाटी घ्यायची तर ती त्याच खाणीची किंवा तिच्याशी रंग, जाडी व पोत यांत जुळणारी हवी. पेनरिनची स्लेट जांभळट निळी, तर फेस्टिनिऑगची निळसर करडी असते. जगात छपरासाठी सर्वाधिक स्लेट आज स्पेनमध्ये, मुख्यतः गॅलिसिया प्रांतात निघते. ती स्वस्त पडते व त्यातील उत्तम प्रत टिकाऊही असते. पण निकृष्ट पाट्यांत लोहयुक्त गंधकाचे चकाकते कण असतात. ते गंजून पाटीवर तांबूस ओघळ उमटतात आणि अखेरीस भोक पडते.

नव्याने बसवताना लोखंडाऐवजी तांब्याचे खिळे वापरले जातात. शिशाचे पत्रे जाडीनुसार क्रमांकांनी ओळखले जातात. क्रमांक ४ म्हणजे मुळात दर चौरस फुटाला ४ पौंड वजनाचा, सुमारे १.८ मिलिमीटर जाडीचा पत्रा. सांध्यांवरील आच्छादनाला तो पुरतो; पन्हळींना अधिक जाड पत्रा लागतो. कुजलेल्या वाशाचे केवळ टोक कापून तेथे त्याच जातीच्या वाळलेल्या लाकडाचा जोड देतात, अख्खा वासा फेकून देत नाहीत. ओतीव लोखंडाच्या पन्हळी शक्यतो दुरुस्त करून, रंगवून परत लावल्या जातात.

पाट्यांखाली आता बहुधा वाफ बाहेर जाऊ देणारा पातळ थर अंथरला जातो. उष्णतारोधक थर घालायचा तर तो पोटमाळ्याच्या जमिनीवर आणि वळचणीकडील हवेची वाट मोकळी ठेवून घालावा लागतो. घर उबदार करण्याच्या उत्साहात ही वाट बुजवली, तर स्वयंपाकघरातील व न्हाणीघरातील वाफ थंड पाट्यांखाली पाणी होऊन टपकू लागते आणि घरमालकाला छप्पर पुन्हा गळते आहे असे वाटते.

हे सारे काम परांची बांधून आणि मोठ्या घरांच्या बाबतीत तिच्यावर तात्पुरते छप्पर घालून करतात. खर्चाचा मोठा वाटा या परांचीचाच असतो. म्हणून ती उभी असतानाच धुराडी, पन्हळी आणि कठडे यांची कामे उरकणे शहाणपणाचे ठरते. आगीची भीती हा वेगळा विषय आहे. वेस्ट ससेक्समधील अपपार्क हे सतराव्या शतकातील घर १९८९ मध्ये छपराच्या शिशाच्या दुरुस्तीदरम्यान लागलेल्या आगीत मोठ्या प्रमाणात जळाले. घर व्हिक्टोरियन नसले, तरी छपरावर ज्योत वापरण्यासंबंधीची आजची खबरदारी समजून घेण्यासाठी हे उदाहरण आवर्जून सांगितले जाते.

कायदा आणि वटवाघळे

इंग्लंडमध्ये वारसा इमारतींची यादी १९४७ च्या नगररचना कायद्याने अस्तित्वात आली. ग्रेड एक, ग्रेड दोन तारांकित आणि ग्रेड दोन अशा तिच्या श्रेणी आहेत. १९९० च्या कायद्यानुसार यादीतील इमारतीचे स्वरूप परवानगीविना बदलणे हा फौजदारी गुन्हा ठरतो. त्याच साहित्याने तसेच काम करण्यास पुष्कळदा परवानगीची गरज पडत नाही. साहित्य बदलायचे असल्यास मात्र ती घ्यावीच लागते. करव्यवस्था याला पूरक नाही. नव्या घराच्या बांधकामावर मूल्यवर्धित कर शून्य आहे आणि जुन्या घराच्या दुरुस्तीवर तो २० टक्के आकारला जातो. यादीतील इमारतींच्या मान्यताप्राप्त फेरबदलांना असलेली सूटही ऑक्टोबर २०१२ मध्ये काढून घेण्यात आली.

वटवाघळांचा प्रश्न बाहेरच्या वाचकास विचित्र वाटेल. जुन्या छपरांच्या फटी हे त्यांचे आवडते निवासस्थान आहे. ब्रिटनमधील वटवाघळांच्या सर्व जातींना आणि त्यांच्या वस्तीस कायद्याचे संरक्षण आहे. त्या वेळी वटवाघळे तेथे नसली तरीही. त्यामुळे छपराला हात लावण्यापूर्वी जीवशास्त्रज्ञाकडून पाहणी करावी लागते, प्रसंगी परवाना घ्यावा लागतो आणि पिले वाढवण्याचा काळ टाळून कामाचे वेळापत्रक आखावे लागते.

टिंट्सफील्ड

ब्रिस्टलजवळील टिंट्सफील्ड हे घर या विषयातील सुपरिचित उदाहरण आहे. दक्षिण अमेरिकेतील पक्ष्यांच्या विष्ठेच्या खताच्या व्यापारात श्रीमंत झालेल्या विल्यम गिब्ज याने १८६० च्या दशकात जॉन नॉर्टन या वास्तुविशारदाकडून ते गॉथिक शैलीत वाढवून घेतले. मनोरे, टोकदार पाखी आणि उंच धुराडी यांमुळे त्याचे छप्पर अत्यंत गुंतागुंतीचे आहे. गिब्ज घराण्यातील दुसरे लॉर्ड रॅक्सॉल २००१ मध्ये वारल्यानंतर घर विक्रीस निघाले आणि लोकवर्गणी व सार्वजनिक निधी यांच्या जोरावर २००२ मध्ये नॅशनल ट्रस्टने ते विकत घेतले. त्यानंतरच्या मोठ्या कामांत छपराच्या दुरुस्तीला अग्रक्रम मिळाला. जतनाचे काम चालू असताना घर बंद न ठेवता ते प्रेक्षकांना पाहू दिले गेले, हे त्या काळी नवे होते.

या घराला मूळचा एक घड्याळाचा मनोरा होता. तो १९३५ मध्ये उतरवण्यात आला. जुनी छायाचित्रे उपलब्ध असतानाही तो पुन्हा उभारलेला नाही. घराची आजची आकाशरेषा ही त्याच्या इतिहासाचाच भाग मानली गेली. व्हिओले-ल-द्यूकच्या पंथाने कदाचित मनोरा आधी बांधला असता.

महाराष्ट्राशी संबंध

व्हिक्टोरियन काळात मुंबई इलाख्यात बांधलेल्या बंगल्यांवर वेल्सचे छप्पर जसेच्या तसे आले नाही. पाऊस वेगळा, ऊन वेगळे आणि दगड दूरचा. येथे बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे सुरू केलेल्या कारखान्यातील कौलांनी ती जागा घेतली. ही कौले एकमेकांच्या खाचांत अडकतात, त्यामुळे त्यांना स्लेटसारखे दुहेरी आच्छादन लागत नाही आणि बहुतेक कौलांना खिळाही लागत नाही. कोकण व गोव्यातील नळीच्या कौलांची जागाही त्यांनी पुढे घेतली.

खिळा नसल्यामुळे येथे दरवर्षी पावसाळ्यापूर्वी घर शाकारण्याची, म्हणजे कौले चाळून फुटकी बदलण्याची प्रथा टिकली. छपरावर वर्षातून एकदा माणूस चढत असे आणि वळचण, रिपा, वासे सारे त्याच्या नजरेखालून जाई. ठोकून बसवलेल्या स्लेटला अशा वार्षिक निगेची गरज नसते, म्हणून तिच्याकडे पिढ्यान् पिढ्या कोणी पाहत नाही. गावागावांत शाकारणी करणारे हात कमी झाल्यापासून कौलांवर प्लास्टिक अंथरणे किंवा वरून पत्रा ठोकणे हे उपाय आपल्याकडेही वाढले आहेत. मुंबईत १९९५ साली वारसा इमारतींसंबंधीची नियमावली लागू झाली. तिच्यातही इमारतींच्या तीन श्रेणी आहेत आणि श्रेणीनुसार बाह्यरूपात किती बदल करता येतो हे ठरते.